घरकर्जाबद्दल वाईट बोलायची सभा

ये, अशी जवळ बस. तिकडं उंबऱ्याशी एक पाय बाहेर ठेवून बसू नकोस, पळायच्या तयारीत असल्यासारखी. बँकेचं नाव काढलं की तुम्हा पोरींचं असंच होतं. सोन्याचा भाव तोंडपाठ, मालिकेतल्या कोणत्या सुनेनं कुणाच्या साडीला काडी लावली तेही पाठ. आणि स्वतःच्या घराच्या कर्जाचा कागद पुढं आला की एवढंच विचारता, सही कुठं करू? वाचत नाही, विचारत नाही, नवऱ्यानं बोट ठेवलं की गिरवता. मी काही रागवत नाहीये. म्हणजे रागावतेच आहे, पण चहा टाकलाय, तो पिता पिता ऐक.

श्रीरामपूरकडच्या बेलापूरच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावात आमची पिठाची गिरणी. गिरणीचा पट्टा फिरत असला की ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून माझा आवाज हा असा. लोकांना वाटतं आक्का भांडतेय. मी फक्त ज्वारी कुणाची ते विचारत असते.

गावात आमची एक बँक आहे, सहकारी, छोटीशी. तिच्या संचालक मंडळावर बाया घ्याव्याच लागतात, कायदा आहे तसा. आमच्या मालकांना वाटलं, दुसऱ्याची बायको जाऊन बसण्यापेक्षा आपली बरी. म्हणून मी गेले. पहिलं वर्षभर मी तिथं चिवडा खाल्ला. पुरुष बोलायचे, मी शेंगदाणे निवडायचे. मग कंटाळा आला. चिवडा संपला की समोर कागदाशिवाय काही उरायचं नाही, म्हणून कागद वाचायला लागले. शाळा लहानपणीच सुटलेली, पण दळणाचा हिशेब ज्याला येतो त्याला बँक येते. आपली भाषा बोलत नाही एवढंच तिचं.

वाचून वाचून मला जे कळलं ते तुला सांगते. बँकेच्या एका खोलीत म्हाताऱ्या बायांच्या ठेवी असतात आणि दुसऱ्या खोलीत पोरांची घरं. म्हातारी आज आली, तर तिला आजच पैसे द्यायचे. पोरगं मात्र घराचे पैसे वीस वर्षं फेडत बसणार. त्या वीस वर्षांत काय होईल ते कुणाच्या बापाला ठाऊक नाही. आणि बँकेनं तोंड असं ठेवायचं, की सगळं ठाऊक आहे. पावडर लावून लग्नाला निघालेल्या बाईसारखं.

आमच्या बँकेची घरकर्जं जोरात होती. जवळच साखर कारखाना, कामगारांचे पगार ठरलेले, हप्ता परस्पर पगारातून कापून यायचा. आम्हाला वाटायचं, याच्यापेक्षा पक्कं जगात काही नाही. चेअरमन तर भाषणात म्हणायचे की आमच्या बँकेनं गावाला पत्र्यातून स्लॅबमध्ये आणलं. ते खरंही होतं.

आणि मग वरून कागद आला. वरून म्हणजे सगळ्या बँकांच्या डोक्यावर जी सरकारी बँक बसलीय तिथून. मॅनेजरनं मीटिंगमध्ये तो वाचून दाखवला. म्हणाला, "आपल्याला घरकर्जांची स्ट्रेस टेस्ट करायला सांगितलीय."

चेअरमन म्हणाले, "ती झाली की माझी. नगरला. पट्ट्यावर पळवलं, छातीला वायरी लावल्या."

"तुमची नाही साहेब, बँकेची."

"बँक कशी पळंल?"

मॅनेजर बिचारा सरळ माणूस, त्याला चेष्टा कळत नाही. त्यानं नीट समजावून सांगितलं. असं धरायचं की व्याजदर वाढले, लोकांचा हप्ता फुगला. असं धरायचं की कारखाना एक हंगाम बंद राहिला, पगार नाहीत. असं धरायचं की घरांचे भाव पडले, आपण घर जप्त करून विकलं तरी कर्जाएवढे पैसे येत नाहीत. आणि हे तिन्ही एकदम झालं असं धरायचं. मग किती लोक हप्ता बंद करतील, बँकेचे किती बुडतील, आणि एवढं होऊनही ठेवीदारांना त्यांचे पैसे देता येतील का, ते लिहून द्यायचं.

आमचे व्हाईस चेअरमन म्हणजे रिटायर झालेले गुरुजी, हेडमास्तर होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "हे बोलायचं कुठं?"

"इथंच. मीटिंगमध्येच."

"इथं?" म्हणत गुरुजींनी वर आढ्याकडं पाहिलं, मग खाली फरशीकडं.

आता तुला कळलं असेल त्यांना काय झालं ते. बँकेची इमारत नवी. तिची वास्तुशांती चेअरमन आणि त्यांच्या मंडळींनी उपरण्याला शेला बांधून केलेली. वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरलेली आहे, नेमकी कॅशियरच्या खुर्चीखाली. आणि वास्तूत वाईट बोलू नये हे तर तुलाही तुझ्या आईनं चापट मारून शिकवलं असेल. वास्तू दिवसभर तथास्तु म्हणत असते, कोणत्या शब्दाला म्हणेल त्याचा नेम नाही. म्हणून आपण तेल संपलं म्हणत नाही. दिवा विझवत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानसुद्धा रात्री बंद होत नाही, वाढवून घरी येतात. संपण्याला वाढणं म्हणणारी आपण माणसं, आणि सरकार म्हणतं बुडण्याला बुडणं म्हणा, तेही सह्या करून.

चेअरमन मॅनेजरला म्हणाले, "कारखाना बंद पडंल हे मी माझ्या तोंडानं बोलू? ह्या वास्तूत? उद्या पडला म्हंजे?"

"फक्त धरायचंय साहेब."

"धरू बी नये."

शेवटी गुरुजींनी तोडगा काढला. सगळ्या रकान्यांत शून्य लिहायचं. व्याज वाढलं तर किती हप्ते थांबतील, शून्य. पगार थांबले तर, शून्य. खाली स्वच्छ अक्षरात ठराव, की ईश्वरकृपेने असे काही होणार नाही असे संचालक मंडळाचे एकमत आहे. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. माझं काही कर्ज नव्हतं, पण गिरणी हीसुद्धा वास्तूच.

तो कागद वर गेला आणि खाली एक बाई आली. तपासणी अधिकारी. वयानं माझ्या धाकट्या सुनेएवढी, पाठीला लॅपटॉपची पिशवी. चेअरमननी बासुंदी सांगून ठेवली होती. ती स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायली आणि तिनं कागद उघडला. बासुंदीवर तशीच साय धरत राहिली, आणि माझा सगळा जीव तिकडं.

ती म्हणाली, "इथं सगळीकडं शून्य आहे."

"व्हय," चेअरमन म्हणाले.

"म्हणजे तुमच्या एकाही कर्जदाराला काहीही झालं तरी तो हप्ता भरणारच?"

"माणसं चांगली हायेत आमची."

"चांगल्या माणसांचा पगार थांबत नाही का?"

गुरुजी म्हणाले, "ताई, आजवर थांबलेला नाही."

"मी आजवरचं विचारलंच नाही. ते तुमच्या खात्यांवर दिसतंय मला." तिनं कागद बंद केला. चिडली नव्हती, दमली होती. म्हणाली, "तुम्ही खोटं लिहिलंत असं मी म्हणत नाही. तुम्ही विचारच केला नाहीत. घराला कर्ज देणाऱ्या बँकेनं हा विचार केला नाही, तर तो ठेवीदारांना करावा लागतो, आणि ते मग विचार करत बसत नाहीत, दारात रांग लावतात."

मला ते एकदम पटलं. मी त्या रांगेतल्या बायांची तोंडं ओळखते, माझ्याकडं दळायला येतात त्या.

नीट अहवाल येईपर्यंत नवीन घरकर्ज द्यायचं नाही, असं सांगून ती गेली. बासुंदी आम्ही खाल्ली. पण मॅनेजर इतका घाबरला, की त्यानं जुन्या मंजूर कर्जांचेही राहिलेले पैसे थांबवले. घर बांधायचं कर्ज एकदम देत नाहीत, माहितीय ना? पाया झाला की एक टप्पा, भिंती झाल्या की एक, स्लॅबला एक. तर ज्यांचे टप्पे राहिले होते ते सगळे अधांतरी. आणि त्यात आमची सिस्टर.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स. कंत्राटी, दर वर्षी कंत्राट वाढवून घ्यावं लागतं. गावातल्या बौद्ध वस्तीतली पोर, जिद्दीची. नवरा नाही. म्हणजे आहे, पण संगमनेरकडं दुसऱ्या बाईच्या घरी आहे. आई हिच्याजवळ. दोघी भाड्याच्या खोलीत राहायच्या. दवाखान्यामागं जागा घेऊन तिनं घर काढलं होतं, आणि कर्ज आपल्याच बँकेतून घे म्हणून तिच्या मागं लागणारी मी. भिंती उभ्या राहिल्या होत्या, वर नुसत्या सळया. आणि तिकडं घरमालकाच्या पोराचं लग्न ठरलेलं, खोली नव्या सुनेला हवी होती. स्लॅबचा पैसा मिळाला नाही, तर ही मायलेक जाणार कुठं, हा प्रश्न सगळ्या गावाला दिसत होता. बँकेला सोडून.

ती दळण घेऊन आली ती डबा आपटतच.

"आक्का, माझा पैसा का अडवला?"

मी पट्टा बंद केला आणि सगळं सांगितलं. शून्य सांगितले, ठराव सांगितला, कॅशियरच्या खुर्चीखालचा वास्तुपुरुष सांगितला. ती ऐकत गेली आणि तिच्या तोंडावरचा राग हळूहळू कुठं जायला लागला ते तिलाच कळेना.

"म्हंजे तुमाला वाईट बोलायला जागा न्हाई म्हणून माझं घर उघडं पडलंय?"

"व्हय, तसंच म्हण."

"मग माझ्या घरात या की. आमच्यात वास्तुपुरुष पुरत न्हाईत. तथास्तु म्हणायला कुणी बसलेलं न्हाई तिथं. वर छत बी न्हाई, बोललेलं सगळं वर निघून जाईल." मग डबा माझ्याकडं सरकवून म्हणाली, "बारीक दळा. आईला दात न्हाईत."

मी चेअरमनना गाठलं तेव्हा ते पुणतांब्याहून दहाव्याचा कार्यक्रम करून येत होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. आमच्या भागात कुणाच्याही दहाव्याला सगळे चेअरमन हजर असतात. आमच्या मंडळाची गणपूर्ती बँकेत होत नाही, घाटावर होते. त्यांना माझं म्हणणं आधी पटेना. संचालक मंडळ काय उघड्या बांधकामात बसवायचं, लोक काय म्हणतील. पण गुरुजींनी ते फार गंभीरपणे घेतलं. डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "वास्तुशांती झालेली नाही, म्हणजे वास्तू जागी नाही. छत नाही, म्हणजे शास्त्रानुसार ते घरच नाही. बोलायला हरकत दिसत नाही. सह्या मात्र बँकेत करू, न बोलता."

असं ठरलं आणि रविवारी सकाळी आमची चर्चा तिथं भरली. चेअरमनना प्लॅस्टिकची खुर्ची, गुरुजींना दुसरी, बाकी आम्ही सिमेंटच्या गोण्यांवर. मॅनेजर पालथ्या घमेल्यावर बसला आणि लॅपटॉप विटांच्या थप्पीवर ठेवला. वर आभाळ. सिस्टर खिडकीच्या भोकाशी उभी होती, तिची आई खोलीवरून चहाची किटली घेऊन आलेली.

आधी कुणी बोलेना. इतक्या वर्षांची सवय, ती काय छत काढलं म्हणून जाते? गुरुजी वर बघून खात्री करत होते. शेवटी चेअरमननी घसा साफ केला.

"धरा. कारखाना बंद पडला."

आम्ही सगळ्यांनी कान टवकारले. कारखान्याचा भोंगा वगैरे काही ऐकू आला नाही. एक कुत्रं बाहेरून आत डोकावून गेलं, तेवढंच.

आणि मग बाई, जे सुरू झालं ते थांबेना. आमच्या माणसांना वाईट बोलायला जागा नव्हती, हौस भरपूर होती. हा पहिल्याच महिन्यात हप्ता बंद करील, याची बुलेट जाणार नाही पण हप्ता बुडेल. तो सोनं मोडील, बायकोचं, बायकोला न विचारता. ते दोघं भाऊ कारखान्यात, दोघांची घरं आपल्याकडंच, म्हणजे एका दिवसात दोन घरं. अमक्याचं व्याज वाढलं तर त्याच्या पोरीची फी जाईल, हप्ता नाही, पोरीची आई भरूच देणार नाही. मॅनेजर टाईप करून करून मेटाकुटीला आला. गुरुजींनी तर त्यांच्या सख्ख्या साडूला पहिल्या पाचांत घातलं आणि वर खुशीत चहा मागितला.

हसता हसता एकदा मॅनेजर म्हणाला, "पण घर जप्त केलं तरी विकायचं कुणाला?"

तेव्हा गुरुजींनी कप खाली ठेवला. कारण त्याचं खरं होतं. कारखाना चालू असताना एखादं घर विकायला निघालं, तर कारखान्यातलाच दुसरा घेतो. कारखाना बंद, तर सगळेच विकणारे, घेणारा कोण? एकाचं छत गळलं, तर माणूस शेजारी झोपायला जातो. आळीतली सगळीच एका पावसात गळली, तर कुणाच्या दारात जायचं? आम्ही पगारातून हप्ता येतो म्हणून ज्याला पक्कं समजत होतो तेच आमचं कच्चं होतं. सगळी अंडी कारखान्याच्या त्या एका चिमणीखाली. हे बँकेच्या थंडगार मीटिंगमध्ये आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण तिथं आम्ही डोकं त्या बाजूला वळवतच नव्हतो.

मग मॅनेजरनं पुढचं खातं उघडलं आणि लगेच मिटायला गेला. सिस्टरचंच होतं ते.

"हे नंतर घेऊ," तो म्हणाला.

"नंतर का?" सिस्टर खिडकीतून म्हणाली. "विचारा की."

तिच्या आईनं किटली खाली ठेवली. "ते तथास्तुबिथास्तु आमी मानत न्हाई," ती चेअरमनना म्हणाली, "पन माझ्या पोरीचं नका बोलू. बाकी गावाचं बोला."

"आई, गप बस."

"मी का गप बसू? ह्यांचा चहा मी आणलाय."

चेअरमन खाली मान घालून हातातल्या कपाशी चाळा करत बसले. शेवटी मॅनेजरनंच हळू आवाजात विचारलं, "कंत्राट वाढवून मिळालं नाही तर?"

सिस्टर म्हणाली, "कानातलं अन् गळ्यातलं मोडून थोडे महिने निघतील. मंग श्रीरामपूरला खाजगी दवाखाना. पगार कमी, पण ठेवतेत. तरी भागलं न्हाई, तर पुढची खोली भाड्यानं देईन."

"आणि तरीही नाही भागलं तर?"

"तर घर तुमचं. घ्या." तिनं वर हात दाखवला. "पण हे असं मिळंल तुमाला. बिनस्लॅबचं. ह्याला गिऱ्हाईक आणा कुठून आणायचं ते."

मॅनेजर टाईप करायचा थांबला. अर्ध्यावर पैसे अडवून आपण आपलंच तारण उघड्यावर टाकलंय, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. तिची आई पदरानं डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता आमच्याकडं असं बघत होती की चहा परत मागायची कुणाची छाती झाली नाही.

मला वाटलं, आता उठतील सगळे. पण एक खातं राहिलं होतं आणि ते काढायला कुणी तयार नव्हतं. गुरुजींना खोकला आला. मॅनेजरला लॅपटॉपचं चार्जिंग आठवलं. मग मीच म्हणाले, "आता तो बंगला घ्या."

"कोणता?" चेअरमन म्हणाले.

"गावात बंगला एकच हाय, अण्णा."

त्यांच्या थोरल्या मुलाचा. खाली फरशीला आरसे लावल्यागत चमक, वर पाण्याची टाकी विमानाच्या आकाराची. कर्ज आमचंच. मुलाचा धंदा कारखान्याला ऊस वाहून द्यायचा. ट्रकही कर्जावर, आणि वर आणखी चौघांच्या घरकर्जाला तोच जामीन. कारखाना थांबला, तर ट्रक थांबणार, बंगल्याचा हप्ता थांबणार, आणि त्या चौघांचं ओझं ज्याच्या खांद्यावर तोही आडवा. एवढ्याशा बँकेत सिस्टरच्या घरासारखी कितीतरी घरं बुडाली तरी होणार नाही एवढं नुकसान त्या एका टाकीखाली उभं होतं.

चेअरमननी हातातला कप खाली ठेवला. त्यांचे ते पांढरे कपडे, सिमेंटची धूळ लागलेले. मी मनात म्हटलं, आता उठून जातील आणि पुढच्या निवडणुकीत माझी जागा जाईल.

"लिहा," ते म्हणाले.

मॅनेजर म्हणाला, "साहेब, आपण ते सरासरीत..."

"सरासरी नगं. त्याच्या नावानं लिहा. पैल्या रांगेत." आणि मग उठता उठता माझ्याकडं बघून, "घरी बोलू नका आक्का. सूनबाईच्या सासूनं ऐकलं तर माझी टेस्ट परत करावी लागंल."

अहवाल वर गेला. ह्या वेळी कुठंच शून्य नव्हतं. त्या अधिकारी बाई पुन्हा आल्या, सगळा वाचला, आणि पहिल्यांदा चहा घेतला. निकाल असा, की तिन्ही संकटं एकदम आली तर बँक उभी राहील, पण खांद्यावर कुणी हात ठेवला तर पडेल. म्हणून मग अटी. नफ्यातला जास्त भाग बाजूला ठेवायचा, सभासदांना लाभांश नाही. मोठ्या बंगल्यांना कर्ज बंद. सगळं घरच कारखान्यावर चालतं अशा ठिकाणी हात आखडता. आणि कर्ज देताना आजच्या व्याजानं नाही, उद्या वाढेल त्या व्याजानं हप्ता झेपतो का, ते बघून द्यायचं. संचालकांचा केरळचा अभ्यास दौराही रद्द झाला. अटींवर कुणी हूं की चूं केलं नाही, पण केरळसाठी दोन दिवस बँकेत सुतक होतं.

सिस्टरचं काय, ते विचारशीलच. तिचे अडलेले पैसे सुटले, पण पुरते नाहीत. वाढीव व्याजानं आणि कंत्राटाच्या भरवशावर मोजलं, तर शेवटचा टप्पा बसत नव्हता. स्लॅबचे मिळाले, गिलाव्याचे कापले. मी त्या ठरावाला हात वर केला. ती माझ्याशी बोलेना. दळण घेऊन पलीकडच्या गिरणीवर जायला लागली, जिथं पीठ जाड येतं हे सगळ्या गावाला माहीत आहे.

ती एकदा रस्त्यात भेटली तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं, "बोल मला काय बोलायचं ते."

"काय बोलू? माझ्याच घरात बसून, माझ्याच आईचा चहा पिऊन, माझाच गिलावा कापला तुमी."

"व्हय, कापला. उद्या व्याज वाढलं, तर तो गिलावा तुझ्या छातीवर बसला असता. विटा दिसल्या तर दिसू दे, तुझ्या आईच्या डोक्यावर छत तर येतंय ना."

"तुमाला बोलायला काय जातंय," ती म्हणाली आणि गेली. तिचंही खोटं नव्हतं. घर तिचं, विटा तिच्या, आणि बाहेर उभं राहून शहाणपण सांगणारी मी. पण दोन आठवड्यांनी डबा परत माझ्याच गिरणीवर आला. आईनं पाठवला होता. जाड पीठ तिला चावेना.

स्लॅब ओतला त्या दिवशी चेअरमनही येऊन उभे होते, गवंड्यांना सूचना देत, त्यातली एकही कुणी ऐकत नव्हतं. घरमालकाच्या पोराच्या लग्नाच्या आधी मायलेकी तिथं राहायला गेल्या. बुद्धवंदना झाली, सगळ्यांना खीर मिळाली. भिंती अजून उघड्या विटांच्या आहेत, आतून तिनं नुसता चुना मारून घेतलाय. पावसाळ्यात एका बाजूला ओल येते. आईनं तिथं कॅलेंडर लावलंय आणि कुणी बघायला आलं की त्यासमोरच जाऊन उभी राहते.

मागच्या वर्षी कंत्राट वाढून आलं. ह्या वर्षीचं अजून आलेलं नाही. दवाखान्यातले म्हणतात येईल, वरचे म्हणतात बघू. सिस्टर वाट बघत बसली नाही. पुढची खोली तिनं झाडून पुसून रिकामी केलीय, वेगळा मीटर घेतलाय, आणि भाडेकरूसाठी अट ठरवून ठेवलीय की भिंतीत खिळा ठोकायचा नाही. अजून कुणी आलेलं नाही. मी तिला म्हटलं, माझ्या ओळखीची एक पोर आहे, घराचं कर्ज काढायचं म्हणते आणि कागद वाचत नाही, तिला दोन दिवस ह्या खोलीत ठेव. ती म्हणाली, येऊ द्या, भाडं घेणार न्हाई, पण बोलू मात्र भरपूर.

तेव्हा भाडेकरू यायच्या आत ये. पुढच्या रविवारी आलीस तर बरं, तिची सुट्टी असते. बाजरीचं पीठ मी ताजं दळून ठेवते, भाकरी तिच्या चुलीवर करू. येताना पिशवीत तुझ्या घरकर्जाचा तो कागद टाकून आण, आणि उशीर करू नकोस.